शार्कपेक्षा उन्हाला घाबरा : कॅरिबियन सहलीला जाण्यापूर्वी

गेल्या काही वर्षांत माझ्या दवाखान्यात एक नवा प्रश्न येऊ लागला आहे. "डॉक्टर, मुलगा अमेरिकेत असतो. या वेळी तो आम्हाला कॅरिबियन क्रूझवर नेणार आहे. आम्ही जावे का?" विचारणारे साधारण साठी ओलांडलेले असतात. एकाला मधुमेह, दुसऱ्याला रक्तदाब, कधी एखाद्याच्या हृदयात स्टेंट. तिकिटे आधीच काढलेली असतात, त्यामुळे 'जावे का' याचा खरा अर्थ 'फिटनेस सर्टिफिकेट द्या' एवढाच असतो.

माझे उत्तर बहुतेक वेळा 'जरूर जा' असेच असते. पण त्यानंतर येणारे प्रश्न ऐकले की काळजी वाटते. तिथे शार्क असतात का? लुटालूट होते का? शाकाहारी जेवण मिळेल का? या भीतींना अगदीच अर्थ नाही असे नाही. पण बेटावर सुट्टीला गेलेला माणूस ज्या कारणांनी आजारी पडतो किंवा जीव गमावतो, ती कारणे या यादीत जवळजवळ नसतातच. ती कारणे म्हणजे ऊन, पाण्याची ओढ, रस्ता, डास आणि आपल्याबरोबर घरूनच आलेले आजार. शार्कचा हल्ला ही कॅरिबियन समुद्रात फार दुर्मीळ घटना आहे. उलटी-जुलाबांनी शरीरातले पाणी कमी होऊन चक्कर येणे मुळीच दुर्मीळ नाही. माझे स्पष्ट मत आहे की सहलीची तयारी या दुसऱ्या यादीप्रमाणे करावी.

लहान बेट, लहान रुग्णालय

क्रिकेटप्रेमींना १९६२ चा वेस्ट इंडिज दौरा आठवत असेल. बार्बाडोसमध्ये चार्ली ग्रिफिथचा चेंडू आपला कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर आदळला आणि कवटीला फ्रॅक्चर झाले. त्यांना रक्ताची गरज होती. वेस्ट इंडिजचे कर्णधार फ्रँक वॉरेल यांनी रक्त दिले. आपल्या संघातील चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी आणि पॉली उम्रीगर यांनीही दिले. कॉन्ट्रॅक्टर वाचले. या घटनेकडे आपण खिलाडूपणाची कथा म्हणून पाहतो. मला डॉक्टर म्हणून त्यात आणखी एक गोष्ट दिसते : लहान बेटावर रक्तसुद्धा शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडून मिळवावे लागते.

साठ वर्षांत परिस्थिती खूप सुधारली आहे. पोर्टो रिको, बार्बाडोस, त्रिनिदाद, जमैका येथे चांगली रुग्णालये आहेत. पण कित्येक लहान बेटांची लोकसंख्या आपल्या एखाद्या तालुक्यापेक्षा कमी आहे. तिथे अँजिओप्लास्टी किंवा मेंदूची शस्त्रक्रिया होईलच असे नाही. अशा रुग्णाला विमानाने दुसऱ्या बेटावर किंवा थेट मायामीला हलवावे लागते. या एअर ॲम्ब्युलन्सचा खर्च हजारो डॉलरच्या घरात जातो आणि अनेक खासगी रुग्णालये आगाऊ रक्कम किंवा विमा कंपनीची हमी मागतात.

म्हणून प्रवास विमा ही माझ्या यादीतील पहिली वस्तू आहे. विमा घेताना तीन गोष्टी पाहा.

पहिली : मुलाने तुमच्यासाठी अमेरिकेतील वास्तव्याचा जो विमा घेतला आहे, तो अमेरिकेबाहेरील बेटांवर चालतो का? अनेक पॉलिसी तिथे मर्यादित काळ चालतात किंवा चालतच नाहीत. फोन करून, बेटांची नावे सांगून, ई-मेलवर उत्तर घ्या.

दुसरी : वैद्यकीय स्थलांतराचा खर्च त्यात आहे का आणि किती रकमेपर्यंत?

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची : फॉर्मवर आपले आजार खरे लिहा. हप्ता वाढेल म्हणून मधुमेह लपवणारे, 'गोळी तर अर्धीच आहे' म्हणून रक्तदाब न लिहिणारे सुशिक्षित लोक मी पाहतो. काही वेळा एजंटच तसा सल्ला देतो. दाव्याच्या वेळी विमा कंपनी जुनी कागदपत्रे मागते आणि त्यात गोळ्यांची नावे असतात. दोन-चार हजार रुपये वाचवण्यासाठी मुलाची आयुष्यभराची बचत पणाला लावणे हा शहाणपणा नाही. जाहीर केलेल्या आजाराला संरक्षण देणारी पॉलिसी महाग पडत असेल तर सहल एक दिवस लहान करा, पण पॉलिसी तीच घ्या.

ऊन आणि वाळू

पुणे आणि पोर्टो रिकोची राजधानी सान हुआन ही शहरे जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. म्हणजे तिथले ऊन आपल्याला परके नाही. 'आम्हाला उन्हाची सवय आहे' असे लोक म्हणतात ते यामुळेच. पण पुण्यात आपण दुपारी बारा वाजता उघड्या अंगाने पाण्यात दोन तास बसतो का? इथे आपण सावली शोधतो. तिथे ऊन अंगावर घेणे हाच कार्यक्रम असतो, वाऱ्यामुळे चटका जाणवत नाही आणि पाण्यावरून, पांढऱ्या वाळूवरून किरण परावर्तित होतात. सावळ्या त्वचेलाही ऊन भाजते, फक्त उशिरा दिसते.

दहा ते चार या वेळेत सावलीत राहा. पूर्ण बाह्यांचा सुती किंवा पोहण्याचा अंगरखा, रुंद काठाची टोपी आणि किमान ३० एसपीएफचे सनस्क्रीन, दर दोन तासांनी व पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा. अमेरिकन व्हर्जिन बेटे आणि अरुबा येथे ऑक्सिबेन्झोन असलेल्या सनस्क्रीनवर बंदी आहे, कारण ते प्रवाळांना घातक ठरते. नळीवरील घटक वाचून घ्या.

रक्तदाबाच्या ज्या गोळ्यांच्या नावापुढे 'एच' असते, त्यांत बहुधा हायड्रोक्लोरोथायझाइड हे लघवी वाढवणारे औषध असते. त्याने शरीरातले पाणी आणि सोडियम कमी होते आणि त्वचा उन्हाला अधिक संवेदनशील होते. त्यावर घाम, थोडी रम आणि कमी पाणी. संध्याकाळी खुर्चीतून उठताना भोवळ येऊन पडण्यास एवढे पुरते. गोळी मनाने बंद करू नका. निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोला.

मधुमेहींसाठी एक वेगळी सूचना. वाळूत अनवाणी चालू नका. माझ्याकडे एक गृहस्थ बेटावरून परतल्यावर आठव्या दिवशी आले होते. दोन्ही तळव्यांवर मोठे फोड, एकात पू झालेला. दुपारच्या वाळूत ते आरामात चालले होते, कारण संवेदना कमी झाल्यामुळे चटका कळलाच नव्हता. बरे व्हायला दोन महिने लागले. रबरी तळव्याचे, पाण्यातही घालता येतील असे बूट मिळतात. ते गरम वाळूपासून, समुद्री साळिंदराच्या काट्यांपासून आणि कुत्र्या-मांजरांच्या विष्ठेतून वाळूत पसरणाऱ्या हूकवर्मच्या अळ्यांपासून वाचवतात. रोज रात्री तळवे आरशात पाहावेत.

किनाऱ्यावरच्या एका झाडाची ओळखही असू द्या. मँचिनील नावाचे हे झाड कॅरिबियन किनाऱ्यांवर आढळते. त्याची फळे लहान हिरव्या सफरचंदासारखी दिसतात. झाडाचा पांढरा चीक त्वचेवर फोड आणतो, डोळ्यांत गेला तर तीव्र दाह होतो आणि फळ खाणे धोक्याचे असते. पावसात या झाडाखाली उभे राहिले तर पानांवरून ओघळलेल्या पाण्यानेही भाजते. काही ठिकाणी खोडावर लाल पट्टा किंवा पाटी असते, पण सगळीकडे नसते. अनोळखी फळ नातवंडांना उचलू देऊ नका.

पाण्याची ओढ

गणपतीपुळ्याला गेलेल्यांना 'ओढ' हा शब्द माहीत आहे. किनाऱ्याकडे आलेले पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून वेगाने परत समुद्रात जाते आणि माणसाला बरोबर नेते. फसवणूक अशी की या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, म्हणून तोच भाग शांत वाटतो. ओढीत सापडल्यास किनाऱ्याकडे पोहण्याची झटापट करू नका, त्यात दम संपतो. तरंगत राहा, हात वर करून मदत मागा, आणि पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर या, मग किनाऱ्याकडे वळा. लाल बावटा असेल तर पाण्यात उतरू नका. जीवरक्षक असलेलाच किनारा निवडा. सगळ्या हॉटेलांच्या किनाऱ्यांवर ते नसतात.

आपल्या पिढीतील बऱ्याच जणांना पोहता येत नाही. त्यांनी स्नॉर्केलिंग करायचे तर लाइफ जॅकेट घालून, बरोबर माणूस ठेवून, उथळ पाण्यात. हे दिसायला सोपे असले तरी नळीतून श्वास घेताना छातीवर ताण येतो. ज्यांना दोन जिने चढताना धाप लागते त्यांनी काचेच्या तळाच्या होडीतून मासे पाहावेत. तितकेच सुंदर दिसतात. दारू पिऊन पाण्यात उतरू नये, हे सांगायला डॉक्टर कशाला हवा? तरी सांगतो.

स्कूबा डायव्हिंग केले असल्यास त्यानंतर किमान १८ ते २४ तास विमानप्रवास टाळावा. परतीच्या आदल्या दिवशी डायव्हिंग ठेवू नका.

डास, ताप आणि पिवळे कार्ड

डेंग्यूचा एडिस डास तिथेही आहे आणि तो दिवसा चावतो. पोर्टो रिकोने मार्च २०२४ मध्ये डेंग्यूची साथ जाहीर केली होती. चिकुनगुन्या २०१३ च्या अखेरीस सेंट मार्टिन बेटावरून कॅरिबियनभर पसरला, आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांत झिका आला. गरोदर स्त्रियांनी आणि लवकरच मूल हवे असलेल्या जोडप्यांनी झिकाबद्दल आपल्या डॉक्टरांशी आधी बोलावे. हैती आणि डोमिनिकन रिपब्लिक हे देश असलेल्या बेटावर मलेरियाही आहे. इतर बहुतेक बेटांवर नाही.

आपल्याकडे डेंग्यू घरोघरी होऊन गेला आहे, म्हणून लोक त्याला हलके घेतात. उलट आहे. दुसऱ्या प्रकारच्या विषाणूने दुसऱ्यांदा झालेला डेंग्यू अधिक गंभीर होण्याची शक्यता असते. डीट किंवा पिकारिडिन असलेले क्रीम दिवसाही लावा. आधी सनस्क्रीन, त्यावर हे. ताप आला तर फक्त पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या रक्तस्रावाचा धोका वाढवतात. परतल्यावर दोन आठवड्यांत ताप आल्यास कुठे गेला होतात ते डॉक्टरांना आपणहून सांगा.

त्रिनिदादला जाणाऱ्यांसाठी यलो फीवरची लस हा महत्त्वाचा मुद्दा आहे. १८४५ पासून गिरमिटिया म्हणून गेलेल्या भारतीयांचे वंशज तिथे मोठ्या संख्येने आहेत, १९७१ मध्ये गावसकरांनी आपली कारकीर्द तिथेच सुरू केली, त्यामुळे त्या बेटाचे आपल्याला आकर्षण आहे. पण भारत सरकारच्या यादीत त्रिनिदाद यलो फीवरच्या देशांत मोडते. तिथून सहा दिवसांच्या आत भारतात परतताना वैध प्रमाणपत्र नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनंतर वैध होते. मग ते आयुष्यभर चालते. ही जिवंत विषाणूची लस आहे. साठीनंतर पहिल्यांदा घेताना गंभीर दुष्परिणामांचा धोका थोडा वाढतो आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असतील तर ती देत नाहीत. म्हणून बेत ठरवतानाच विचारा, आदल्या आठवड्यात नव्हे.

ताटात आणि ग्लासात

मासेखाऊ वाचकांसाठी एक शब्द : सिग्वाटेरा. प्रवाळांवरील सूक्ष्म शैवालात तयार होणारे हे विष लहान माशांतून मोठ्या माशांत साठत जाते. बाराकुडा, आपल्याकडे हेकरू म्हणतात त्या जातीचा ग्रूपर, तांबोशीच्या कुळातले मोठे स्नॅपर यांत ते असू शकते. ते शिजवून, तळून किंवा गोठवून नष्ट होत नाही. वास, चव, रंग काहीच बदलत नाही. काही तासांत उलटी-जुलाब, ओठांभोवती मुंग्या, आणि चमत्कारिक लक्षण म्हणजे थंड वस्तू गरम किंवा भाजल्यासारखी लागणे. कधी नाडी मंद होते. विशिष्ट उतारा नाही. बाराकुडा खाऊच नका, आणि खूप मोठ्या प्रवाळी माशाचा तुकडा, विशेषतः डोके व यकृत टाळा.

क्रूझवर नोरोव्हायरसची साथ पसरते. दारात ठेवलेला सॅनिटायझर या विषाणूवर फारसा चालत नाही. जेवणापूर्वी साबण आणि पाण्यानेच हात धुवा. काही बेटांवर नळाचे पाणी उत्तम असते, पण डोमिनिकन रिपब्लिकमध्ये बाटलीबंद पाणीच प्या, बर्फासह. घरगुती गाळलेली, बिनलेबलची दारू कुठेही घेऊ नका. त्यात मिथेनॉल असेल तर डोळे जातात किंवा जीव जातो.

रस्ता, चोरी आणि कपडे

परदेशी पर्यटकांच्या अपघाती मृत्यूंत रस्ता हे नेहमीच एक मोठे कारण असते. जमैका, बार्बाडोस, त्रिनिदाद, बहामा येथे वाहने आपल्यासारखी डावीकडून चालतात. पोर्टो रिको, डोमिनिकन रिपब्लिक, अरुबा येथे उजवीकडून. अमेरिकेत गाडी चालवणारा मुलगा बेटावर उतरताच भाड्याची गाडी घेतो, तेव्हा हे आधी पाहा. डोमिनिकन रिपब्लिकमधील रस्ते-मृत्यूंचे प्रमाण जगातील सर्वाधिक देशांत गणले जाते. तिथल्या मोटरसायकल टॅक्सीवर बसू नका. मागच्या सीटवरही पट्टा लावा.

गुन्हेगारी आहे. त्रिनिदादने २०२४ च्या शेवटी टोळीयुद्धामुळे आणीबाणी जाहीर केली होती, आणि हैतीला सध्या सहलीसाठी जाऊच नये. पण इतरत्र हिंसाचार बहुधा ठराविक वस्त्यांत असतो. पर्यटकाला धोका असतो तो मुख्यतः चोरीचा. मंगळसूत्र आणि बांगड्या घरी ठेवा. रात्री हॉटेलने बोलावलेल्याच टॅक्सीने फिरा. कोणी हिसकावू लागले तर द्या आणि बाजूला व्हा. पासपोर्टची प्रत वेगळी ठेवा. आणीबाणीचे क्रमांक फोनमध्ये आधीच भरा : जमैकात पोलीस ११९, रुग्णवाहिका ११०; बार्बाडोसमध्ये पोलीस २११, रुग्णवाहिका ५११; पोर्टो रिको आणि डोमिनिकन रिपब्लिकमध्ये ९११.

लष्करी ठिपक्यांचे, म्हणजे कॅमोफ्लाज छापाचे कपडे बार्बाडोस, जमैका, त्रिनिदाद अशा अनेक देशांत नागरिकांना कायद्याने वर्ज्य आहेत. नातवाची ती चड्डी बॅगेतून काढा.

केव्हा जावे

चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, आणि जोर ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. याच काळात तिकिटे स्वस्त असतात, याचे कारण आता कळेल. २०२४ मध्ये तर बेरिल वादळाने १ जुलैलाच ग्रेनाडाच्या कॅरिआकू बेटाची दाणादाण उडवली. डायलिसिस, ऑक्सिजन किंवा इन्सुलिनवर असलेल्या माणसाने या महिन्यांत जाऊ नये असे माझे मत आहे. वीज आणि विमाने बंद पडली तर त्याच्याकडे वाट पाहण्याइतका वेळ नसतो. जायचेच असेल तर अरुबा, क्युरासाओ यांसारखी दक्षिणेकडील बेटे वादळांच्या नेहमीच्या मार्गाबाहेर आहेत.

औषधांची पिशवी

औषधे हातातल्या बॅगेत ठेवा, सहलीच्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्त. डॉक्टरांकडून औषधांची मूळ नावे लिहून घ्या. आपली ब्रँडनावे तिथे कोणाला कळत नाहीत. इन्सुलिन सामानात टाकू नका, गाडीत तापू देऊ नका आणि खोलीतल्या छोट्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्याला चिकटवू नका. गोठलेले इन्सुलिन निकामी होते. घड्याळ भारतापेक्षा साडेनऊ ते साडेदहा तास मागे जाते, त्यामुळे इन्सुलिनचे वेळापत्रक लेखी घ्या. 'ग्लिफ्लोझिन' गटातील मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील आणि उलट्या-जुलाब सुरू झाले, तर गोळी थांबवून लगेच वैद्यकीय सल्ला घ्या. साखर फार वाढलेली नसतानाही रक्तातील आम्ल वाढू शकते. ओआरएसची पाकिटे, पॅरासिटामॉल, शेवटचा ईसीजी फोनमध्ये, आणि लांबच्या विमानप्रवासात दर दोन तासांनी उठून चालणे.

हे सगळे वाचून एखादा म्हणेल, यापेक्षा महाबळेश्वर बरे. तसे म्हणू नका. आयुष्यभर मुलांसाठी झिजलेल्या माणसाने निळे पाणी बघावे, नातवाबरोबर वाळूत किल्ला करावा, असे मला मनापासून वाटते. माझी तक्रार फक्त क्रमाबद्दल आहे. तिकीट, हॉटेल, कपडे, आणि शेवटच्या दिवशी डॉक्टर, असा आपला क्रम असतो. मुलांनो, आईवडिलांना आश्चर्याचा धक्का देण्यासाठी परस्पर क्रूझ आरक्षित करण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना एक फोन करा. आणि आजी-आजोबांनो, निघण्याच्या दोन महिने आधी या. रक्त तपासू, तळवे पाहू, गोळ्यांची यादी करू, आणि विम्याचा फॉर्म घेऊन या, तो आपण समोर बसून खरा भरू.